उजवीकडून चढणारी रेघ

आमच्या घरात दोन वाक्यं दिवसभर ऐकू येतात. एक अम्मीचं. ती दुपारी गल्लीतल्या पोरापोरींना अरबीचं पहिलं पुस्तक शिकवते आणि कुणाची नजर अक्षरावरून घसरली की बसल्या जागेवरून ओरडते, "उंगली रख के पढ!" बोट ठेवून वाच. दुसरं अब्बांचं. गेवराईच्या बाजारात त्यांचं फळांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक मोसंबी हातात घेऊन उगाच दाबत उभं राहिलं की ते म्हणतात, "दाबू नका, चाखून बघा." स्वतः मात्र चाखत नाहीत. त्यांना शुगर आहे, जुनी, आणि आता इन्सुलिन चालू आहे. फळवाल्यालाच शुगर, यावर बाजारातल्या लोकांनी करायचे तेवढे विनोद करून झालेत. अब्बा त्यावर हसत नाहीत आणि चिडतही नाहीत.

मी त्यांची मुलगी. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. मोबाइलच्या ॲपमध्ये कुठलं बटण कुठं असावं, अक्षर केवढं, रंग कोणता, हे ठरवायचं काम. आता योगायोग म्हणा की नशीब, आमचं ॲप शुगरचंच आहे. दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवायचा. तो सारखी शुगर मोजत राहतो आणि मोबाइलवर त्याची रेघ उमटत जाते. अब्बांच्या दंडावर तो मीच चिकटवला. अम्मी त्याला बिल्ला म्हणते. "तुमचा बिल्ला काय म्हणतोय?" असं ती जेवायला वाढताना विचारते.

म्हणजे बघा, पोरगी ॲपवाली, बाप शुगरवाला, छप्पर एकच. अशा घरात तरी घोळ व्हायला नको होता. झाला, आणि चांगला जिवावर बेतला.

शुगर चढली तर नुकसान हळूहळू होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची शुगर फार उतरली तर ते तासाभराचंही काम नसतं. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि वेळेत काही गोड पोटात गेलं नाही तर माणूस आडवा होतो. म्हणून रेघ उतरताना दिसली की थांबायचं नाही, लगेच काहीतरी गोड खायचं. अब्बांना हे पाठ होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, मी बजावलं होतं, अम्मीनं तर कसमा घातल्या होत्या. आणि गोड शोधायला फळवाल्याला कुठं लांब जायचंय?

तरी एकदा दुकानातच त्यांना घाम फुटला. शेजारच्या चपलेवाल्यानं चहात साखर घालून पाजली म्हणून निभावलं. घरी आल्यावर मी विचारलं, "अब्बा, ग्राफ बघितला नव्हता का?"

"बघितला की."

"मग?"

"चढत होता."

मला वाटलं, बघितलाच नसेल, आता सारवासारव करतायत. म्हातारी माणसं करतात तसं. मी विषय सोडून दिला.

दुसऱ्यांदा मात्र मशिदीत झालं. सीताफळांचे दिवस होते, डोंगराकडून माल आलेला, दुकानात गर्दी. अब्बांनी दुपारचं इन्सुलिन घेतलं आणि जेवण मात्र अर्ध्यावर सोडलं, कारण सीताफळाला दम नसतो. आज फळाचे डोळे उघडले, म्हणजे पिकलं, तर उद्या ते फेकायचंच. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची वेळ झाली तसे उठले. उठताना रिवाजाप्रमाणे मोबाइल काढून पाहिला. आकडा नव्वदीत होता. रेघ पाहिली आणि समाधान झालं. मशिदीच्या दारावर पाटी आहे, मोबाइल बंद ठेवा. अब्बांनी नेहमीसारखा मोबाइल मुका करून खिशात टाकला. आमच्या ॲपची धोक्याची घंटा काय वाजायची ती खिशातल्या खिशात मुक्यानंच वाजली.

वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, नळापाशी बसले ते उठेचनात. शेजारच्या माणसानं खांद्याला हात लावला तर कुर्ता घामानं चिंब. कुणीतरी खजूर आणले, कुणीतरी सरबत. चार जणांनी धरून बसवलं. माझ्या भावाला फोन गेला. भाईचं हायवेला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. तो ग्रीसनं माखलेल्या हातांनी तसाच पळत आला, आणि अब्बांना रिक्षात घालून घरी आणताना म्हणे सगळ्या रस्त्यानं त्यांचा हात घट्ट धरून होता.

घरी आल्यावर त्यानं कुणाशी बोलण्याआधी बाजारात जाऊन दुकानाचं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली.

"आता बास," तो म्हणाला. "अब्बा, तुमी घरी बसायचं. दुकान भाड्यानं देऊ. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण मागं लागलेलाच हाय."

"दुकान कावून बंद करतो? मला काय झालंय?"

"काय झालंय? आज नळावर पडलात, उद्या रस्त्यावर पडाल. दुकान गेलं तरी चालंल मला. बाप न्हाई गेला पाहिजे."

भाईचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दुकान गेलं तर अब्बा काय उरणार, हेही घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. हा माणूस ईद सोडली तर एक दिवस घरी बसलेला मला आठवत नाही. पहिल्याच सकाळी ते आंघोळ करून, टोपी घालून कॉटवर बसून राहिले. अम्मीनं विचारलं, "कुठं निघालात?" तर म्हणाले, "कुठं न्हाई."

मला राग आला. त्यांचाच. एवढं महागाचं यंत्र दंडाला लावून, पोरीनं रात्रंदिवस डोळे फोडून बनवलेला ग्राफ खिशात ठेवून, माणूस बघत का नाही? दुपारी मी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. अम्मीची शिकवणी पलीकडच्या खोलीत चालू होती.

"अब्बा, खरं सांगा. मशिदीत जाताना ग्राफ बघितला होता की नव्हता?"

"किती वेळा सांगू? बघितला."

"मग खाल्लं का नाही काही?"

"कावून खाऊ? चढत होता ना."

"चढत नव्हता! उतरत होता!"

"चढत होता!"

मी त्यांचा मोबाइल घेतला आणि त्या दिवसाचा, असरच्या आधीचा ग्राफ काढला. तिथं तर आंधळ्यालाही दिसावी अशी रेघ होती, घाटावरून गाडी सुटावी तशी खाली आलेली. मी स्क्रीन त्यांच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि शांतपणे म्हणाले, "चढतोय."

या अल्ला! मला वाटलं, शुगरनं डोक्यावर परिणाम झाला. खरंच वाटलं. पण आवाज मात्र चढलाच माझा. "अब्बा, हा चढतोय? हा?" तेही तापले. "आंधळी हाय का तू? धडधडीत चढतोय! शाळा शिकली, पुण्याचा पगार घेती अन् एवढी रेघ दिसंना!" आम्ही दोघं एकच मोबाइल दोन्ही बाजूंनी धरून भांडत होतो. पलीकडच्या खोलीतली पोरं वाचायची थांबली होती, त्यांना फुकटचा तमाशा.

अम्मी वैतागून दारात आली. तिला ग्राफचं ना सोयर ना सुतक. तिनं आपलं नेहमीचंच वाक्य आमच्यावर फेकलं. "भांडता काय नुसते? उंगली रख के पढो!"

रागारागात आम्ही दोघांनीही बोट ठेवलं. माझं बोट रेघेच्या डाव्या टोकावर पडलं. अब्बांचं उजव्या.

माझं बोट वरून खाली येत होतं आणि त्यांचं खालून वर चढत होतं. मध्ये कुठंतरी दोन्ही बोटं एकमेकांवर आपटली. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. अम्मी म्हणाली, "आता काय झालं?" आणि पोरांकडं परत गेली.

सांगते काय झालं ते. अब्बा उर्दू शाळेत शिकले. गिऱ्हाइकाशी मराठी, घरात दखनी, पण वाचायचं म्हटलं की उर्दू. दुकानात रोज उर्दू पेपर येतो आणि तो आपण ज्याला शेवटचं पान म्हणू तिथून उघडतो. त्यांचा मोबाइलही उर्दूत आहे, आणि तो तसा मीच करून दिला होता, कारण त्यांना बरं वाटतं. आमच्या ॲपमध्ये उर्दू नंतर आली, दुसऱ्या एका टीमनं घातली. उर्दू उजवीकडून डावीकडं जाते, म्हणून त्यांनी सगळी स्क्रीनच आरशात धरल्यासारखी उलटी केली. बटणं इकडची तिकडं गेली. शुगरचा मोठा आकडा आधी उजव्या कोपऱ्यात असायचा, रेघेच्या शेवटाच्या बरोबर वर, म्हणजे आत्ताची शुगर आत्ताच्या टोकाशी. तो आकडा डाव्या कोपऱ्यात गेला. फक्त ग्राफ उलटला नाही. ग्राफ बाहेरून तयार आणून बसवलेला होता. तो डावीकडूनच चालत राहिला.

आता सांगा, उर्दू वाचणारा माणूस काय करेल? पान उजवीकडून सुरू होतं, आत्ताचा आकडा डावीकडं आहे, मग रेघही उजवीकडून निघून डावीकडं आत्तापर्यंत येणार. सरळ हिशेब आहे. खाली वेळेचे आकडे होते, पण इतके बारीक आणि करडे की अब्बांच्या चष्म्यातून ते नुसती धूळ दिसायचे. त्यांनी नव्वदीतला आकडा पाहिला, रेघ वर चाललेली पाहिली आणि अल्लाचं नाव घेऊन नमाजाला गेले. मराठी शाळेत शिकलेल्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती, आणि मला ती एरवी दिसलीही नसती.

"म्हणजे," अब्बा सावकाश म्हणाले, "मी खोटं बोलत नव्हतो."

"नाही अब्बा."

"वेडा पन झालेलो न्हाई."

"नाही हो."

त्यांनी मोबाइल कॉटवर ठेवला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मला रडू आलं. त्यांना मात्र एकदम हुरूप आला. त्या संध्याकाळी अम्मीला, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगून झालं की पुण्याची कंपनी उलटी रेघ काढते.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये हे मांडलं. आधी दोन मिनिटं कुणाला कळलंच नाही. मग एकानं विचारलं, "पण उर्दू वापरणारे युजर असे किती आहेत?" माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं, "एक माझ्या घरात आहे. कॉटवर बसलाय. बोलावू का?" आमच्या कंपनीत एक डॉक्टर बाई आहेत, सगळा मजकूर त्यांच्या नजरेखालून जातो. त्या म्हणाल्या, "हे आजच थांबवा. ग्राफ दुरुस्त होईपर्यंत उर्दूत रेघ दाखवूच नका, नुसता आकडा आणि शब्द दाखवा." चूक कुणाची यावर पुढं बरंच गुऱ्हाळ चाललं, पण बाईंचं काम झालं. रेघ त्याच दिवशी बंद झाली.

मग मी नवीन काढायला बसले. काढायला म्हणजे खरं तर पुसायला. आधीच्या ग्राफवर आडव्या उभ्या इतक्या रेषा होत्या की त्यात मूळ रेघ शोधावी लागायची. त्या पुसल्या. बारीक आकडे काढून टाकले आणि दोन पट्टे ठेवले, मधला चांगला आणि खालचा धोक्याचा. गेलेला वेळ फिका केला, आणि आत्ताच्या टोकावर वाटाण्याएवढा गडद ठिपका ठेवला, शेजारी शब्द, 'अभी'. उर्दूत ग्राफ उजवीकडूनच निघेल असं केलं. वर एक वाक्य, मोठ्या अक्षरात, उतरतेय की चढतेय की स्थिर आहे. उतरत असेल तर पुढं 'काही खाऊन घ्या'. हे वाक्य डॉक्टर बाईंनी तपासलं. डॉक्टरांना दाखवायची प्रत मात्र डावीकडूनच ठेवली, नाहीतर दवाखान्यात नवाच गोंधळ. रेषा पुसणं, मोठं अक्षर, ठिपका, हे मराठीतल्या स्क्रीनलाही केलं, कारण बारीक अक्षर मराठीवाल्यांनाही दिसत नव्हतंच. ते फक्त बोलत नव्हते.

प्रत्येक कच्चा नमुना पहिल्यांदा अब्बांच्या मोबाइलवर जायचा. ते नापास करायचे त्याला सीमा नाही. हिरवा रंग बघून म्हणाले, "हा कच्च्या मोसंबीचा हिरवा हाय, याच्यावर काळं अक्षर दिसत न्हाई." वेळेच्या जागी मी 'सकाळ, दुपार' घातलं तर म्हणाले, "माझ्या दिवसाला फजर, जोहर, असर हाय. दुपार किती लांब असती, माहिताय का तुला?" मग तेही केलं, निवडायची सोय ठेवून. मी चिडायचे, पण माणूस कॉटवरून उठून माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहतोय, एवढं मला पुरेसं होतं.

भाईवर मात्र या कशाचा परिणाम होईना. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, तो शिकलेला आहे, मान डोलावली. "हा, उलटं दिसत असंल. पण बघता येत न्हाई का माणसाला? वेळेचे आकडे होते ना खाली? थोडं ध्यान दिलं असतं तर कळलं असतं. ध्यान राहिलं न्हाई आता त्यांचं, एवढंच हाय. रेघ बदलून ध्यान येत नसतं." किल्ली त्याच्या खिशातच. कव्हरंवाला शुक्रवारी नमाजानंतर दुकान बघायला येणार, असं त्यानं ठरवूनही टाकलं. अब्बांना त्यानं ते नीट सांगितलं नाही, अम्मीला सांगितलं आणि अम्मीनं सांगितलं. अब्बा त्यावर एवढंच म्हणाले, "पंखा माझा हाय, तो काढून आना."

शुक्रवारी भाई घरी आला तेव्हा अब्बा नमाज पढून येऊन कॉटवर पडले होते, डोळे मिटून. टोपी आणि मोबाइल उशाशी. मी शेजारी काम करत होते. भाई जरा घुटमळला. बापाला उठवून दुकानाची गोष्ट काढणं त्याच्या जिवावर आलं असावं. वेळ काढायला म्हणून त्यानं मोबाइल उचलला आणि ग्राफ उघडला.

आणि त्याचा चेहराच उतरला.

"अब्बा! अब्बा, उठा!" त्यानं त्यांना गदागदा हलवलं. "अम्मी, साखर! साखर आन पटकन! उतरतेय!" तोच स्वयंपाकघरात धावला, डबा सांडला, पेल्यात मूठभर साखर टाकून बोटानंच ढवळत परत आला. डोळ्यांत पाणी होतं. "प्या, अब्बा, आधी प्या, मग बोलू. किती झपाझप उतरतेय, दिसत कसं न्हाई तुमाला?"

मी तोंड उघडणार होते. अब्बांनी उठून बसत माझ्याकडं हात केला, गप्प बस. त्यांनी पेला घेतला नाही. मोबाइल घेतला.

"कुठं उतरतेय?"

"ही काय! आंधळे झालात का?"

पलीकडून अम्मी, डबा आवरता आवरता, सवयीनंच म्हणाली, "उंगली रख के."

भाईनं रेघेच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं. अब्बांनी त्याचं मनगट धरलं, ते बोट उचललं आणि उजव्या टोकावर नेऊन ठेवलं. "हितून. हळू. अभीपर्यंत."

भाईचं बोट उजवीकडून निघालं. सुरुवातीला ते खाली होतं, धोक्याच्या पट्ट्याच्या जरासं वर. मग हळूहळू चढत चढत मधल्या पट्ट्यात आलं आणि डावीकडच्या गडद ठिपक्यावर थांबलं. वर उर्दूत मोठं लिहिलेलं होतं, चढतेय. भाईला कुराण वाचता येतं, उर्दूची अक्षरं घाईत लागत नाहीत. पण बोटाला लागलं. नमाजाला निघताना अब्बांना रेघ उतरताना दिसली होती, त्यांनी अर्धी मोसंबी सोलून खाल्ली होती, मगच बाहेर पडले होते. साल अजून टेबलावर होतं.

"चढत्या शुगरवर मला मूठभर साखर पाजत होता तू," अब्बा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "वेळेचे शब्द हायेत खाली. ठिपका हाय. थोडं ध्यान दिलं असतं तर कळलं असतं. मग काय करू बेटा, तुझं गॅरेज बंद करू?"

भाईनं पेल्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. मग खिशातून किल्ली काढली आणि अब्बांच्या टोपीशेजारी कॉटवर ठेवली.